बापावरची लघुकादंबरी: पहिल्या वहीपासून छापील फॉर्मपर्यंत

बापावर लिहायला घेतलेली कादंबरी बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रकरणात बसते. तोवर बापाचा स्वभाव सांगून झालेला असतो, लहानपणच्या तीन-चार आठवणी उतरलेल्या असतात, आईचं सोसणं आलेलं असतं. पुढे घडायचं काय, हे मात्र ठरलेलं नसतं. मग लेखक बापाला आजारी पाडतो. दवाखान्याच्या खाटेवर बाप पहिल्यांदा मन मोकळं करतो आणि पुस्तक हातातून जातं, कारण ऐंशी पानं गप्प राहिलेला माणूस सलाइन लावल्यावर अचानक वाक्यं जुळवून बोलायला लागतो.

अशा कादंबरीला भावनांचा तुटवडा कधीच पडत नाही, कमी पडतं ते काम. बाप आणि मूल या दोघांना मिळून काहीतरी उरकायचं असलं, त्याला तारीख असली, की बोलणं आपोआप कडेकडेने सुटत जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच अंगाने मांडल्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच काल्पनिक नमुना वापरला आहे: कराड तालुक्यातलं एक गाव, तिथे राहणारा निवृत्त एसटी चालक, नुकतीच गेलेली त्याची बायको, पुण्यात नोकरी करणारी विवाहित मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. आईच्या नावावर तीस गुंठे जमीन. सांगणारी मुलगी.

लांबी आधी ठरवा

लघुकादंबरी म्हणजे साधारण २० ते ४० हजार शब्द. पहिल्या प्रयत्नाला ३० हजार हा आकडा धरावा. डेमी, म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर नेहमीच्या टायपात २५० ते २७० शब्द बसतात, म्हणजे मजकुराची पानं होतात ११५ च्या आसपास. शीर्षकपान, अर्पणपत्रिका, श्रेय वगैरे धरून १२२-१२४. छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होते, त्यामुळे पुस्तक १२८ पानांचं, आठ फॉर्मचं. प्रकाशकाशी बोलताना हा हिशेब तुमच्याकडे तयार असला की समोरच्यालाही बरं वाटतं.

३० हजारांत काय मावतं? तीन माणसं नीट, आणखी तीन-चार ओझरती. एक मुख्य जागा, एक दुय्यम. वर्तमानातले वीस-पंचवीस दिवस आणि मागच्या काळातले सात-आठ प्रसंग. तीन पिढ्यांची कहाणी यात घालायला गेलात की प्रत्येक पिढीला तीस-पस्तीस पानं येतात आणि हाती वंशावळ उरते.

बापाला धंदा द्या, आणि तो धंदा घरात आणा

'बाबा कडक होते' या वाक्याचा काही उपयोग नाही. ते कोणत्या वेळी घरात असत आणि कोणत्या वेळी नसत, हे सांगितलं की कडकपणा दिसायला लागतो. म्हणून बापाचा व्यवसाय निवडताना कामाच्या वेळा आधी बघाव्यात. गिरणीतली रात्रपाळी, शाळामास्तराची दुपार, हलवायाची पहाट, तलाठ्याची फिरती: प्रत्येक कामातून वेगळा बाप तयार होतो.

एसटी चालक घेतला तर मुक्कामी गाडी समजून घ्यावी लागते. संध्याकाळी डेपोतून सुटलेली गाडी शेवटच्या गावात रात्रभर थांबते, चालक आणि वाहक गाडीतच किंवा गावाने दिलेल्या खोलीत झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परततात. अशा माणसाच्या लेकरांनी बाप आठवड्यातल्या कित्येक रात्री पाहिलेलाच नसतो, आणि दुपारी तो घरात असतो तेव्हा झोपलेला असतो. 'हळू, अण्णा झोपलेत' हे आईचं वाक्य त्या घराचं पार्श्वसंगीत झालं. या एका वाक्यातून दबकं बालपण, आईची चौकीदारी आणि बापाचं घरात असून नसणं एकदम येतं. कादंबरीत ते तीन वेळा यावं: लहानपणी, मधे केव्हातरी, आणि शेवटाकडे कुणीच म्हणणारं उरलेलं नसताना. चौथ्यांदा आलं की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

धंद्याची माहिती गोळा करताना शब्द, वस्तू आणि शरीरावरच्या खुणा अशा तीन याद्या कराव्यात. शब्द: ड्युटी, ट्रिप, डबल ड्युटी, डेपो, वाहक, मुक्काम. वस्तू: खाकी गणवेश, जेवणाचा डबा, टॉमी (चाकाच्या कामाचा लोखंडी दांडा). शरीर: गुडघा, कंबर, उजव्या हाताच्या कोपरावर उन्हाने पडलेला काळेपणा, कारण चालकाची खिडकी उजवीकडे. प्रत्येक यादीत चाळीस नोंदी जमवा. त्यातल्या बारा-पंधराच वापरायच्या, पण कोणत्या बारा हे चाळीस झाल्यावरच कळतं.

हाक

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. मराठी घरातलं नातं हाकेत असतं, आणि ती हाक चुकली की मागचं सगळं खोटं वाटतं.

पहिला प्रश्न: मुलं बापाला काय म्हणतात आणि का? एकत्र कुटुंबातून आलेल्या घरात बापाला 'अण्णा', 'दादा', 'भाऊ', 'आप्पा', 'तात्या', अगदी 'काका'सुद्धा म्हणतात, कारण धाकटी भावंडं किंवा पुतणे जे म्हणत तेच लेकरांनी उचललेलं असतं. आपल्या नमुन्यातला बाप 'अण्णा' आहे. म्हणजे तो आधी कुणाचा तरी थोरला भाऊ होता, मग बाप झाला. हे सांगायची गरज नाही. एखाद्या चुलत्याने त्याला मुलीसमोर 'अण्णा' म्हणून हाक मारली की दोघांच्या तोंडी एकच शब्द येतो आणि वाचकाला कळतं.

दुसरा प्रश्न: 'तू' की 'तुम्ही'? अनेक घरांत आईला 'तू' आणि बापाला 'तुम्ही'. एकाच ताटाशी बसून मूल डावीकडे 'तू वाढ ना' म्हणतं आणि उजवीकडे 'तुम्हाला हवंय का' विचारतं. या एका अक्षरभेदामुळे आई निरोप्या होते. सहलीचे पैसे, परीक्षेचा निकाल, लग्नाची गोष्ट, सगळं आधी तिच्याकडे जातं आणि ती योग्य वेळ बघून पुढे सरकवते. आई गेली की ही टपाल व्यवस्था बंद पडते. आपल्या कादंबरीची खरी अडचण तिथे आहे: बाप आणि लेक चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलणार आहेत आणि दोघांना सवय नाही. नात आजोबांना खुशाल 'अरे आजोबा, तू ये ना' म्हणते आणि त्यांना ते चालतं. मुलीला ते ऐकताना जे वाटेल ते लिहू नका, फक्त तिला त्या खोलीत उभी करा.

तिसरा प्रश्न: नवरा-बायको एकमेकांचा उल्लेख कसा करतात? 'अहो', 'हे', 'तुझे अण्णा', उलट बाजूने 'अगं ए', 'तुझी आई'. नाव कुणीच घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. मग तलाठी कार्यालयात 'मयताचं पूर्ण नाव?' असं विचारतात, तेव्हा अण्णांना बायकोचं नाव मोठ्याने उच्चारावं लागतं. त्या नावाच्या मधोमध त्यांचं स्वतःचं नाव आहे. हा प्रसंग अर्ध्या पानाचा. त्याला विशेषणं लावलीत तर फुकट जाईल.

नावांचं इथे आणखी एक आहे. मराठी माणूस बापाचं नाव आयुष्यभर स्वतःच्या नावात मधे घालून फिरतो. मुलीचं लग्न झालं की ते निघतं आणि तिथे नवऱ्याचं येतं. म्हणून वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव लागेल तेव्हा त्यात बाप नसेल, भावाच्या नावात असेल. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक केलं, तेही बापाच्या नावाच्या आधी. तुमच्या कादंबरीत त्यानंतर जन्मलेलं बाळ असेल तर जन्मदाखल्यावरून दोन वाक्यांचं बोलणं होऊ शकतं. दोनच.

एक काम, एक मुदत

आपल्या नमुन्यात काम आहे वारसनोंद. आईच्या नावावरचे तीस गुंठे, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर नवरा, मुलगा आणि मुलगी सगळे एकाच दर्जाचे वारस, प्रत्येकाला सारखा वाटा. म्हणजे दहा, दहा, दहा गुंठे. ज्या घरात आजवर शब्द बापाचा चालला, तिथे कागदाने त्याला लेकरांच्या ओळीत आणून बसवलं. कादंबरीला याहून चांगला धक्का शोधायला लागत नाही.

शेत वडिलोपार्जित असतं तर गणित वेगळं झालं असतं. मुलींना जन्मतः समान हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. लेखकाने या तारखा पाठ ठेवायच्या कारण पात्रं त्यांच्याबद्दल चुकीचं बोलत असतात. 'लग्न झालं की मुलीचा हक्क संपला' असं गावातला कुणी ठामपणे म्हणेल. त्याला म्हणू द्यावं. दुरुस्त करायचं असेल तर मुलगी करेल किंवा गप्प बसेल, आणि तिने काय केलं यातून ती कळेल.

आता मुदत. वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. त्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे कथेला पंधरा दिवसांची चौकट फुकट मिळाली. मुलगी पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली आहे, नोटिशीचे दिवस संपेपर्यंत थांबणार आहे. प्रत्यक्षात कामं लांबतात. लांबू द्या, तेही उपयोगी पडतं.

शेवटच्या टप्प्यावर हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त. भावाला जमीन विकायची आहे आणि बहिणीने सही करून मोकळं व्हावं अशी त्याची अपेक्षा आहे. हा दस्त तोंडी चालत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो: दोन साक्षीदार, कॅमेऱ्यात फोटो, अंगठ्याचा ठसा. ती सही करते की नाही, हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न. पहिल्या पाच हजार शब्दांत तो वाचकाच्या कानावर पडलाच पाहिजे. कुणी मोठ्याने विचारायची गरज नाही, पुरणाच्या ताटावर भावजय 'ताईंना कुठं जमिनीची हौस' म्हणाली तरी पुरे.

मुलगी सांगणारी असली तरी गाठ बापाच्या मनात असावी. अण्णांना स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलेलंच नाही. त्यांना ते सांगताही येत नाही.

आराखडा

२४ प्रकरणं, सरासरी १,२५० शब्दांची. पण सरासरी म्हणून सोडून द्यायची. काही प्रकरणं चारशे शब्दांची, एक-दोन अडीच हजारांची. नमुन्याची वाटणी अशी बसते: प्रकरण १ ते ५ मध्ये येणं, तेराव्यानंतरचं रिकामं घर, अर्ज (६ हजार शब्द). ६ ते १६ नोटिशीचे दिवस (१४ हजार). १७ ते २१ भाऊ येतो, निबंधक कार्यालयाचा दिवस (७ हजार). २२ ते २४ निघणं (३ हजार).

एका जाड वहीत प्रत्येक प्रकरणाला एक पान द्या आणि वर तीनच ओळी लिहा: आज कोणतं काम आहे, कोण कुणापासून काय लपवतंय, प्रकरण संपताना काय बदललं. तिसऱ्या ओळीत 'तिला जाणवलं' असं लिहावं लागलं तर ते प्रकरण अजून तयार नाही. काहीतरी हललं पाहिजे: किल्ली या हातातून त्या हातात गेली, खाट बाहेरच्या खोलीत आली, कुकरच्या शिट्ट्या बापाने मोजल्या.

मधल्या चौदा हजारांत बऱ्याच कादंबऱ्या मरतात. तिथे कामांची उपकामं लागतात. आईचे कपडे कुणाला द्यायचे, गॅसचं पुस्तक कुठे आहे, पेन्शनच्या खात्यावर वारस कोण, डब्यावर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या ठेवायच्या की काढायच्या. प्रत्येक उपकामाला बाप-लेकीची एकेक जोडी लावा: एकाला येतं, एकाला येत नाही. अण्णांना बस चालवता येते, भाकरी येत नाही. तिला लॅपटॉप येतो, मोटरीचा फ्यूज घालता येत नाही.

जाता जाता: दहाव्याला कावळा न शिवणं हा प्रसंग टाळलेला बरा. मराठीत तो इतक्यांदा येऊन गेलाय, की पिंड ठेवल्याबरोबर वाचक पुढचं पान उलटतो. म्हणूनच आपली गोष्ट तेराव्यानंतर सुरू केली आहे.

काळाचा तक्ता

बापाच्या जन्मसालापासून एक आडवा तक्ता करा. अण्णांचा जन्म १९५२ धरला तर १९७२ च्या दुष्काळात ते वीस वर्षांचे. खडी फोडायच्या कामावर गेले असतील, आणि म्हणूनच पगारी नोकरीचं मोल त्यांच्या हाडात बसलंय. आणीबाणी लागली तेव्हा तेवीस. मुलीचा जन्म १९८२. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि धक्का कराडपर्यंत जाणवो न जाणवो, वडील त्या रात्री मुक्कामी होते की घरी, हे ठरवून टाका. निवृत्ती २०१० मध्ये.

फोनचा वेगळा रकाना ठेवा, कारण बाप-लेकीचं अंतर फोनने मोजलं जातं. निळं आंतरदेशीय पत्र, मग पिवळी पाटी लावलेला एसटीडी बूथ, रात्री दर उतरल्यावर लावलेला फोन, शेजारच्यांच्या नंबरवर 'जरा बोलवता का', आणि मग मोबाइल. २००३ च्या मेपर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००१ मधल्या कॉलेजच्या मुलीला बापाने मोबाइलवर अर्धा तास समजावलं असं लिहिलंत तर जाणता वाचक हसेल. त्या काळात मिस कॉल म्हणजे 'पोचले' हा निरोप असे. अण्णा फोन न उचलता तो आकडा बघत आणि आईला सांगत, 'पोचली.'

निवेदन आणि 'असायचे'चा रोग

मुलगी 'मी' म्हणून सांगतेय, तर ती कधी सांगतेय हे ठरवा. घटनेनंतर वर्षभराने सांगितलं तर थोडी समज येते, पण फार शहाणपण येत नाही. वीस वर्षांनी सांगितलं की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तात्पर्य उगवतं.

मराठीत आठवणी लिहिताना एक क्रियापद सगळं भिजवून टाकतं: 'बाबा पहाटे उठायचे, अंघोळ करायचे, देवाला फूल वाहायचे, मग चहा प्यायचे.' चार ओळींनंतर काहीच दिसत नाही, कारण काहीच घडलेलं नाही. नियम असा: एका प्रकरणात असा 'आयचे'चा एकच परिच्छेद, फार तर साठ शब्दांचा, आणि लगेच 'त्या गुरुवारी' म्हणून एका दिवसावर उतरायचं. मसुदा झाल्यावर संगणकावर 'यचे', 'यची', 'यचा' शोधा. पानामागे तीनपेक्षा जास्त सापडले तर पान पुन्हा लिहा.

निवेदनात 'केलं' लिहायचं की 'केले', हेही पहिल्याच दिवशी ठरवावं. 'मी' बोलतेय म्हटल्यावर 'केलं' बरं. संवादात बोली हवी, पण उच्चार जसाच्या तसा उतरवण्याच्या मागे लागू नका. वाक्याचा क्रम, एखादं क्रियापद आणि दोन-चार शब्द एवढ्याने भाग कळतो. अण्णा सरकारी माणसाशी एक मराठी बोलतील, चुलत्याशी दुसरं. हा फरक दाखवला की बोलीचं निम्मं काम होतं.

एक प्रसंग, दोन मसुदे

मुलगी परत निघाली आहे. पहिला मसुदा साधारण असा येतो:

'अण्णांनी कधी प्रेम शब्दांत दाखवलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत अपार माया होती. मी निघताना त्यांचे डोळे पाणावले. आई गेल्यापासून ते किती एकटे पडलेत हे त्या क्षणी मला कळलं.'

यात अण्णा कुठे आहेत? एक डोळ्यांची जोडी आहे, ती कुणाच्याही बापाला बसेल. आता दुसरा:

'पहाटे साडेपाचला अण्णा गाडीभोवती फिरत होते. हातात टॉमी. एकेका चाकावर हलकं आपटून कान देत होते. मागच्या डाव्यापाशी ते उकिडवे बसले.

"हवा कमी आहे."

"परवाच भरलीय, अण्णा."

"कमी आहे." उठताना गुडघा वाजला. "नाक्यावरचा पंप सहाला उघडतो."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.'

काय बदललं ते बघा. टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखणं ही अवजड गाडीच्या चाकाची सवय, छोट्या कारला तिचा फारसा उपयोग नाही, म्हणजे हवा खरंच कमी आहे की नाही याची शंका वाचकाला येते. अर्धा तास मागितला गेला आणि दिला गेला. मागितला असं कुणी म्हणालं नाही. 'अण्णा' ही हाक एकदाच, मुलीच्या तोंडी. गुडघ्याने वय सांगितलं. यानंतर 'मला समजलं, त्यांना मी थांबायला हवी होते' असं एक वाक्य जोडायचा मोह सगळ्यांना होतो. ते जोडलं की पंप, टॉमी आणि गुडघा सगळं वाया.

संवाद लिहिताना एक गणित उपयोगी पडतं: बापाचं सर्वांत लांब बोलणं संपूर्ण पुस्तकात साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि ते बोलणं भलत्याच विषयावर असू द्या. अण्णा एकदाच सविस्तर बोलतील: पावसात घाट उतरताना गाडी गिअरमध्ये कशी धरायची, ब्रेकवर पाय का ठेवायचा नाही. समोर बसलेल्या मुलीला तेवढं पुरेसं आहे.

आईला मात्र देव्हाऱ्यात बसवू नका. गेलेली आई सोशीक आणि गोड असली की बाप आपोआप खलनायक होतो. तिला एक दोष द्या, पक्का. ती निरोप बदलून सांगायची. अण्णा 'विचार करतो' म्हणाले तर ती मुलीला 'नको म्हणाले' सांगायची, कारण तिलाच नको असायचं. बाराव्या-तेराव्या प्रकरणात बापाच्या एका साध्या वाक्यातून हे मुलीला कळलं, की मागची सगळी पानं वाचकाच्या डोक्यात नव्याने लागतात.

घरच्यांचं काय

स्वतःच्या घरातून गोष्ट घेतली असेल तर बापाचा धंदा, गाव आणि भावंडांची संख्या या तीन गोष्टी बदला. आडनाव बदलून भागत नाही. भावकी आडनाव वाचत नाही, बांध ओळखते. जिवंत माणसाची बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. मृत व्यक्तीबद्दल लिहिलेलंही, ते जिवंतपणी बदनामीकारक ठरलं असतं आणि नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलं असेल, तर त्यात येतं. 'ही कथा काल्पनिक आहे' ही ओळ ढाल म्हणून फार काळ टिकत नाही.

पुनर्लेखन

पहिला मसुदा झाल्यावर सहा आठवडे वही बंद. मग तीन हात फिरवायचे, एका वेळी एकच गोष्ट बघत.

पहिल्या हातात प्रकरणं. बहुतेक वेळा पहिली दोन प्रकरणं लेखकाने स्वतःला गोष्ट सांगण्यासाठी लिहिलेली असतात. तिसरं पहिलं करून बघा. दुसऱ्या हातात परिच्छेदांची शेवटची वाक्यं. प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य झाकून वाचा, दहातल्या सहा ठिकाणी ते नको असल्याचं दिसेल. तिसऱ्या हातात मोठ्याने वाचन. मिनिटाला १२० शब्द धरले तर ३० हजारांना चार तास दहा मिनिटं लागतात. दोन बैठकांत उरकतं. जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा वाक्याचा सांगाडा उसना असतो.

३० हजारांचा मसुदा साफ होऊन २६ हजारांवर आला तर घाबरू नका, एक फॉर्म वाचला.

छपाईकडे

दिवाळी अंकात छोट्या कादंबरीला अजूनही जागा मिळते. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही वाट शंभरावर वर्षं चालू आहे. जुलैनंतर पाठवलेलं लेखन बहुधा पुढच्या वर्षावर जातं, म्हणून मे-जूनमध्येच संपादकाशी बोलून शब्दसंख्या सांगावी. अंकात आलं तर पुस्तकाचे हक्क तुमच्याकडेच राहतील, हे लेखी घ्या.

प्रकाशकाच्या करारात हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा. ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि चित्रपट यांचे हक्क वेगळ्या ओळींत लिहून घ्या. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, लेखकालाही.

युनिकोडमधली फाइल छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ठरावीक ठिकाणी मोडते: 'पायऱ्या', 'सातबाऱ्यावर', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र, 'ॲ', आणि संवादाची अवतरणचिन्हं. मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रूफं, आली की आधी हेच शब्द शोधा. त्यानंतर एक शेवटची फेरी, फक्त मुलगी आणि अण्णा यांच्या संवादांवरून: तिच्या तोंडी कुठे चुकून 'तू' राहून गेलंय का. राहिलं असेल आणि ते मुद्दाम ठेवलेलं असेल, तर मुद्रितशोधकासाठी समासात 'असू द्यावे' असं लिहून खाली सही करा, नाहीतर तो ते दुरुस्त करून टाकतो.